तो हाडांचा सापळा खायचा होय?

भूगर्भशास्त्रज्ञाकडे हातोडा असतो, मानवशास्त्रज्ञाकडे नुसते प्रश्न. त्यात दगड उलटून विचारत नाही, माणूस विचारतो.

१९३०च्या दशकात सुदानमधल्या नुएर गुराख्यांत राहायला गेलेले मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड एकाला त्याचं नाव आणि कूळ विचारत होते. नावासाठीच बरीच घासाघीस झाली. मग तो म्हणाला, कुळाचं नाव सांगितलं तर त्याचं करणार काय? तुझ्या देशाला घेऊन जाणार? वर यांनाच नाव विचारलं. प्रिचर्ड. वडिलांचं? तेही प्रिचर्ड. छे, बाप-लेकाचं नाव एकच कसं असेल! (आपल्या अर्जातला आडनावाचा रकाना तिथे कामी आला असता.) काही आठवडे असे काढले की माणसाला 'नुएरॉसिस' होतो (न्यूरोसिस, म्हणजे मानसिक विकार, या शब्दावर कोटी), असं प्रिचर्ड यांनी पुढे लिहून ठेवलं.

दुसरे मानवशास्त्रज्ञ रिचर्ड ली, यांची फजिती मात्र न विचारल्याने झाली. १९६०च्या दशकात ते आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटात कुंग शिकाऱ्यांचा अभ्यास करत होते. त्यांच्या तंबूत दोन-दोन महिन्यांचा शिधा, भोवतालच्यांकडे जेमतेम दिवसाचा. साहजिकच कंजूष म्हणून नाव झालेलं. ते पुसायला त्यांनी नाताळच्या मेजवानीसाठी सुमारे ५४० किलोंचा धष्टपुष्ट बैल घेतला. तर जो तो येऊन ऐकवू लागला: तो हाडांचा सापळा खायचा होय? त्या रात्री उपाशी झोपावं लागणार, मटणावरून मारामाऱ्या होणार! ली पार खचले.

बैल कापला तर आत जाडजूड पांढरी चरबी. दोन दिवस, दोन रात्री लोक खात-नाचत राहिले आणि हसत राहिले.

नंतर उलगडा झाला. मोठी शिकार केलेला कुंग माणूस गावात येऊन गप्प बसतो. कोणी विचारलंच तर म्हणतो, कसलं काय, एखादं बारकं दिसलं असेल. ('आज आमटी बिघडलीच हो' म्हणत पातेलं पुढे करणाऱ्या मावश्या आठवतात ना?) मांस वाहून आणायला गेलेलेही कुरकुरतात, एवढ्याशा हाडांसाठी इतकी पायपीट! कारण भरपूर मांस आणणारा तरुण स्वतःला मुखिया समजू लागतो, आणि अशी घमेंड एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल, असं त्यांना वाटतं. म्हणून नावं ठेवून त्याचं काळीज थंड करायचं. लींच्या बैलाचीही तीच गत केली होती.

हे आधी का नाही सांगितलंत, असं लींनी एका शिकाऱ्याला विचारलं.

"तू कुठे विचारलंस?"