सिड शारीस की व्हेरा-एलन? ओळखायचं कसं

जुन्या हॉलिवूड म्युझिकलच्या क्लिप बघणाऱ्यांचा या दोघी नाचणाऱ्या नट्यांत हमखास घोळ होतो, आणि व्हायचाच म्हणा, दोघी एमजीएम स्टुडिओच्या काळातल्या, दोघी जीन केली आणि फ्रेड अस्टेर या नाचणाऱ्या नटांबरोबर नाचल्यात, दोघींची पडद्यावरची गाणी दुसऱ्याच बायकांनी गायलीत, आणि वर १९४८ च्या 'वर्ड्स अँड म्युझिक'मध्ये दोघीही आहेत.

त्याच पिक्चरमध्ये बारमधल्या मारामारीत गोळी लागून मरणारी केलीची नायिका आहे ना, ती व्हेरा-एलन. अस्टेर डिटेक्टिव्ह झालाय आणि लाल ड्रेसवाली बाई त्याच्याभोवती फिरतेय, ती सिड, पिक्चर 'द बँड वॅगन', १९५३.

सिड टेक्सासची, लहानपणी पोलिओ झाला म्हणून बॅले शिकायला घातलं, पुढे बॅले रूस या बॅले कंपनीबरोबर नाचली. त्यामुळे तिचं सगळं कसं लांबलचक, संथ, थांबून थांबून. 'सिंगिंग इन द रेन'मध्ये तिला एक डायलॉग नाही, हिरव्या ड्रेसमध्ये बसल्या बसल्या पाय वर करते आणि पायाच्या टोकावर केलीची हॅट, बस्स, पुढचा सीन तिचाच!

व्हेरा-एलन ओहायोची, सोनेरी केसांची, चणीने बारकी, पूर्वी न्यूयॉर्कच्या रॉकेट्स या मुलींच्या नाचाच्या ग्रुपमध्ये नाचलेली. टॅप, बॅले, कसरतीचे प्रकार, काहीही सांगा, पाय इतके भराभर चालतात की आपली नजर मागे पडते. खरं सांगायचं तर नुसतं नाचाचं बघितलं तर मला तीच जास्त तयारीची वाटते, पण पडदा खाऊन टाकायचा तर सिडच. लोक मात्र व्हेराला फक्त १९५४ च्या 'व्हाइट ख्रिसमस'साठी ओळखतात, हे जरा अन्यायच आहे.

१९५७ मध्ये सिडचा 'सिल्क स्टॉकिंग्ज' आला आणि त्याच वर्षी व्हेराचा शेवटचा पिक्चर. १९६३ मध्ये व्हेराची तान्ही मुलगी गेली, त्यानंतर ती लोकांत फारशी दिसलीच नाही, १९८१ मध्ये वारली. सिड मात्र गायक नवरा टोनी मार्टिनबरोबर स्टेज शो करत राहिली, २००६ मध्ये अमेरिकेचं नॅशनल मेडल ऑफ आर्ट्स मिळालं आणि २००८ मध्ये गेली.

व्हेरा-एलन बघायची तर 'ऑन द टाउन' (१९४९) पासून सुरुवात करा, त्यात केली सबवेतलं पोस्टर बघून ही मुलगी कशी असेल याची स्वप्नं रंगवतो आणि ती एकाच नाचात घरगुती, श्रीमंत पार्टीवाली, खेळाडू अशी सगळी होऊन दाखवते.