पाणबुडीच्या केबिनमध्ये हवा भरायची का? वन ॲटमॉस्फिअर आणि ॲम्बियंटमधला घोळ

छोट्या दोन सीटच्या पाणबुडीचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, बाहेरून पाणी दाबतंय ना, मग आतून हवा भरा की, कवचावरचा लोड कमी होईल, विमानात नाही का भरत. ऐकायला पटतं. पण विमानात बाहेर हवा विरळ म्हणून आत भरतात, पाण्याखाली गणित उलटं, आणि त्यात या पाणबुड्या मुळात दोन जातीच्या.

वन ॲटमॉस्फिअरवालीत आतला दाब किनाऱ्यावर असतो तेवढाच ठेवायचा. समुद्रात दर १० मीटरला साधारण एक ॲटमॉस्फिअर, म्हणजे किनाऱ्यावरच्या हवेइतका दाब वाढतो, तो सगळा जाड कवच सोसतं. भारताची मत्स्य ६००० याच जातीची, टायटॅनियमचा ८० मिमी जाड गोळा. ॲम्बियंटमध्ये खाली जाल तशी सिलिंडरमधून हवा सोडत आतला दाब बाहेरच्या पाण्याइतका करत जायचा, उपडा पेला पाण्यात दाबल्यावर आत हवा राहते ना तसं. कवच पातळ चालतं, खर्च कमी, म्हणून घरी बनवणाऱ्यांना याचा मोह होतो. फक्त दाब काही गायब होत नाही, तो तुमच्या अंगावर येतो.

म्हणजे तुम्ही कोरड्या कपड्यात, सीटवर आरामात बसलेले असलात तरी शरीराच्या हिशोबाने स्कुबाच करताय. तारकर्लीला स्कुबा केलेल्यांना आठवेल, वर येताना श्वास रोखू नका म्हणून सारखं बजावतात. इथेही तेच, २० मीटरवरून वर येताना फुफ्फुसातली हवा तिप्पट फुगते. शिवाय रक्तात नायट्रोजन विरघळतोय. ३० मीटरवर साधी हवा घेऊन जेमतेम २० मिनिटं थांबता येतं, त्यापुढे थांबे घेत वर यावं लागतं, नाहीतर बेंड्स, म्हणजे तो नायट्रोजन अंगात बुडबुडे होऊन बाहेर पडतो. स्कुबावाल्याची टाकी संपते म्हणून तो वर येतो तरी, इथे सिलिंडर मोठे, अंग कोरडं, दोन तास कुठे गेले कळत नाही. मला तर हाच सगळ्यात मोठा धोका वाटतो.

आता वन ॲटमॉस्फिअरवालीत 'थोडीशी' हवा भरली तर? आतल्या झाकणाचा कुकर आठवा, वाफच झाकण आतून घट्ट धरते, प्रेशर असेपर्यंत ते निघत नाही. पाणबुडीचं हॅच, म्हणजे आत-बाहेर करायचं झाकण, याच्या बरोब्बर उलटं, बाहेरून बसवलेलं, पाणी त्याला दाबून धरतं. ५० सेंमी व्यासाचं हॅच असेल तर ३० मीटरवर त्याच्यावर जवळपास ६ टन भार असतो. पण वर आलात की तो भार गेला आणि आतली जादा हवा तशीच. एक पंचमांश ॲटमॉस्फिअर जरी जास्त असलं तरी हॅचला आतून साधारण ४०० किलोचा धक्का, आणि तुम्ही वाकून खटका सोडताय, तोंड नेमकं त्याच्यावर! ॲक्रिलिकची निमुळती खिडकीही बाहेरच्या दाबानेच जागेवर बसते, आतून ढकललं की उखडू शकते.

आणि ही हवा कोणी मुद्दाम भरायला हवी असंही नाही. केबिनमधल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळूहळू गळत राहिला तरी पुरे. सिलिंडर ऑक्सिजनचा असेल तर शिवाय आगीचीही भीती. म्हणून आत साधा बॅरोमीटर हवाच, शिवाय जादा दाब बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह. सगळं नीट चालू असेल तर तुम्ही वापरता तेवढाच ऑक्सिजन सुटतो, कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, काटा जागचा हलत नाही. हलला तर आधी कारण शोधा, हॅचला हात नंतर.

कार्बन डायऑक्साइडचं मात्र दोन्हीकडे तितकंच सांभाळायचं, आणि दाबाखाली तो जास्त चावतो. ३ ॲटमॉस्फिअरला हवेत १ टक्का असला तरी शरीराला ३ टक्क्यांसारखा लागतो. १९७३ च्या जूनमध्ये फ्लोरिडातल्या 'की वेस्ट' गावाजवळ जॉन्सन सी लिंक ही पाणबुडी १०० मीटरहून खोल, बुडवलेल्या जहाजाच्या सांगाड्यात अडकली होती. पुढे ॲक्रिलिकचा गोळा, मागे डायव्हरना पाण्यात बाहेर पडता यावं म्हणून दाब वाढवता येणारी ॲल्युमिनियमची खोली. ॲल्युमिनियम गार पडलं, गारठ्यात कार्बन डायऑक्साइड शोषणारी पावडर काम करेना, आणि मागचे दोघे त्यानेच गेले. ॲक्रिलिकमधून गारवा तेवढा आत आला नाही, पुढचे दोघे वाचले.