जॉय (ज्याँ पातूचं पर्फ्यूम)

जॉय हे पॅरिसच्या ज्याँ पातू या फॅशन हाऊसने १९३० मध्ये काढलेलं पर्फ्यूम, बनवणारा आंरी अल्मेरास. गुलाबाच्या क्लासिक पर्फ्यूमांची कुठलीही यादी काढा, हे नाव त्यात सापडतंच, पण खरं तर यात गुलाब एकटा कधीच नसतो, बरोबर तेवढीच तगडी जाई आहे आणि दोघांत पुढे कोण हे बाटली कुठली आणि अंगावर किती वेळ झाला यावर ठरतं.

या हाऊसचा मालक पातू म्हणजे बायकांना खेळायला सुटसुटीत कपडे देणारा माणूस, टेनिसपटू सुझान लेंग्लेनचे गाजलेले ड्रेस त्याचेच. त्याचं बरंचसं गिऱ्हाईक अमेरिकन श्रीमंत बायका, आणि १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार आपटल्यावर ते पॅरिसला येऊन कपडे शिवून घेणं आटलं. दुसऱ्या कुणी अशा वेळी स्वस्तातलं काहीतरी काढलं असतं, याने उलट इतका महाग माल घातलेलं पर्फ्यूम काढलं आणि जाहिरातीत सरळ 'जगातलं सगळ्यात महाग पर्फ्यूम' असं छापलं. तेही मंदीत! ज्यांना पॅरिसचा गाऊन परवडत नव्हता त्यांना निदान पॅरिसची बाटली घेता यावी असा हिशोब असावा, आणि तो चालला.

कंपनीचा एक आकडा सगळीकडे फिरतो: ३० मिली एक्स्ट्रेमध्ये (म्हणजे पर्फ्यूमच्या सगळ्यात दाट प्रकारात) १०,६०० जाईची फुलं आणि २८ डझन गुलाब. ऐकायला निव्वळ मार्केटिंग वाटतं पण गणित करून बघा. जाईची साधारण आठ-दहा हजार फुलं म्हणजे एक किलो, आणि एक किलो ॲबसोल्यूट (म्हणजे सॉल्व्हंटने काढलेला अर्क) मिळायला सहाशे-आठशे किलो फुलं लागतात, म्हणजे इतक्या फुलांचा अर्क जेमतेम दीड ग्रॅम भरतो. २८ डझन म्हणजे ३३६ गुलाब, तेही किलोभर, त्यांचाही साधारण तेवढाच. एवढ्याशा बाटलीत दोन्हीचा मिळून तीनेक ग्रॅम अर्क, हे एक्स्ट्रेच्या मानाने भरपूर आहे पण अशक्य अजिबात नाही. त्यात जाई तोडायची पहाटे, कारण ऊन चढलं की वास उडतो, आणि सगळी तोडणी हाताने.

गुलाब दोन ठिकाणचे: फ्रान्समधल्या ग्रासचा मे महिन्यात फुलणारा आणि बल्गेरियाचा दमास्क. आता गंमत अशी की गुलाबाच्या वासातला एक मोठा घटक, फिनाइल इथाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळतो, म्हणून भट्टीत वाफेवर तेल काढलं की तो गुलाबपाण्यात निघून जातो आणि तेलात सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल वगैरेंचा तरतरीत, जरा लिंबाकडे झुकणारा वास उरतो. ॲबसोल्यूटमध्ये मात्र तो राहतो, त्यामुळे त्याचा वास जड, मधाळ. दोन्ही मिळाले की गुलाब पूर्ण वाटतो, आणि दमास्कमधलं डमॅसिनोन तर अगदी कणभर असूनही फळासारखी खोली देतं.

पहिल्या फवाऱ्यात अल्डिहाइडची (प्रयोगशाळेत बनवलेल्या सुगंधी द्रव्यांची) साबणासारखी झिलई आणि थोडा हिरवा पानांचा वास येतो, मग फुलं जी काही अंगावर येतात त्यात निशिगंध आणि इलांगइलांगही आहेत पण वेगळे काढून दाखवता येत नाहीत. तळाला चंदन, कस्तुरी आणि जवादी मांजराकडून मिळणारा सिव्हेट. नव्या नाकाला नेमकं हेच खटकतं. जाईत मुळातच इंडोल असतं, रात्री माळलेल्या गजऱ्याला सकाळी जो किंचित कुबट, अंगाचा वास येतो तो त्याचाच, आणि सिव्हेटने तो अजून उठून दिसतो. बऱ्याच जणांना हे 'म्हातारं' वाटतं, मला विचाराल तर याच्यामुळेच हा फ्लॉवरपॉटमधला नुसता गुच्छ राहत नाही. ऑफिसला मात्र जपून, एक थेंब पुरे.

पहिली सपाट चौकोनी बाटली लुई स्यू या आर्किटेक्टची. पातू १९३६ मध्ये गेला, पण जॉय टिकलं; पुढे ज्याँ केर्लेओ या कंपनीच्याच पर्फ्यूमरने ते तीसेक वर्षं सांभाळलं, आणि त्यानेच १९९० मध्ये व्हर्सायला ऑस्मोथेक हे जुन्या सुगंधांचं संग्रहालय उभं केलं. २००० च्या फिफी या पर्फ्यूम-उद्योगाच्या पुरस्कारांत जॉयला शतकातलं सर्वोत्तम पर्फ्यूम ठरवलं गेलं. पण २०१८ मध्ये एलव्हीएमएच या लक्झरी समूहाने पातू ब्रँड हातात घेतला, त्याच वर्षी त्याच समूहातल्या डिओरने 'जॉय' याच नावाचं स्वतःचं पर्फ्यूम आणलं आणि पातूचं जुनं बंद पडलं. डिओरचं जॉय मोसंबीवर्गी फळं आणि स्वच्छ मस्कचं, जुन्याशी त्याचा वासाचा काहीही संबंध नाही, तेव्हा ऑनलाइन घेताना फक्त नाव बघून ऑर्डर करू नका, बाटलीवर 'ज्याँ पातू' आहे का ते पाहा. जुन्या बाटलीत वरचा अल्डिहाइडचा थर उडालेला असू शकतो, त्यामुळे पहिली पाच मिनिटं वास विचित्र आला तर लगेच नकली म्हणू नका, खालची फुलं बहुतेक शाबूत असतात.