कोर्टात कॅमेरा: अमेरिकेतल्या शंभर वर्षांच्या वादाची पार्श्वभूमी

२०२२ च्या एप्रिल-मेमध्ये जॉनी डेप आणि अँबर हर्ड यांचा अब्रूनुकसानीचा खटला आपल्याकडेही लोक मोबाइलवर रोज बघत होते. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीच्या कोर्टात कोण काय म्हणालं, कुणाचा वकील कुठे अडखळला, हे पुण्या-ठाण्याच्या घरांत जेवताना बोललं जायचं. दोनच वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर फौजदारी खटला चालला. माजी राष्ट्राध्यक्षावरचा हा अमेरिकेतला पहिलाच फौजदारी खटला, पण त्यातल्या एकाही साक्षीदाराचा आवाज बाहेर आला नाही. दोन नटांचं भांडण जगासमोर आणि राष्ट्राध्यक्षाच्या खटल्याला कॅमेराच नाही, हे कसं काय, असं तेव्हा बऱ्याच जणांनी मला विचारलं. त्याचं उत्तर एका निकालात सापडत नाही, मागून सुरुवात करावी लागते.

१९२५ चा जुलै. टेनेसी राज्यातलं डेटन हे लहानसं गाव. माणसाची उत्क्रांती शाळेत शिकवायची नाही, असा कायदा राज्याने केला होता आणि तो मोडल्याबद्दल जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकावर खटला होता. सरकारी बाजूला विल्यम जेनिंग्ज ब्रायन, तीन वेळा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवून हरलेला नेता. समोर क्लॅरन्स डॅरो, त्या काळातला सर्वांत नावाजलेला फौजदारी वकील. शिकागोच्या डब्ल्यूजीएन रेडिओने थेट कोर्टात मायक्रोफोन बसवले आणि सुनावणी घराघरांत ऐकवली. मायक्रोफोनच्या सोयीसाठी कोर्टातली बैठकव्यवस्था बदलण्यात आली. मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. राजकारण, कोर्ट आणि करमणूक ही तीन माणसं त्या दिवशी एका बाकावर बसली, आणि बाक कुठे ठेवायचा हे करमणुकीने ठरवलं.

दहा वर्षांनी याची कडवट बाजू दिसली. विमानवीर चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाचं १९३२ मध्ये अपहरण होऊन खून झाला होता. आरोपी ब्रूनो हाउप्टमान हा जर्मनीहून आलेला सुतार. १९३५ च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या फ्लेमिंग्टन गावात खटला उभा राहिला आणि शेकडो पत्रकार त्या गावावर तुटून पडले. कामकाज चालू असताना चित्रीकरण करायचं नाही, असं न्यायाधीश थॉमस ट्रेन्चार्ड यांनी बजावलं होतं. तरीही न्यूजरीलवाल्यांनी, म्हणजे बातमीपट बनवणाऱ्यांनी, साक्षी टिपल्या आणि खटला संपायच्या आत त्या चित्रपटगृहांत दाखवल्या. ज्याच्या मृत्युदंडाचा निर्णय व्हायचा होता, त्याची उलटतपासणी लोक तिकीट काढून बघत होते. १९३७ मध्ये अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेने नियम केला की कोर्टात छायाचित्रण नको, प्रक्षेपण नको. १९४६ पासून संघराज्याच्या, म्हणजे केंद्राच्या, कोर्टांतल्या फौजदारी खटल्यांनाही तशीच बंदी आली, ती आजही आहे. राज्यांची कोर्टं मात्र ज्याच्या त्याच्या नियमांनी चालतात. डेपच्या खटल्याला कॅमेरा का मिळाला, याचं मूळ या फरकात आहे.

टेक्सासने बार असोसिएशनचा नियम मानला नव्हता. १९६२ मध्ये टायलर शहरात बिली सोल एस्टेस याचा खटला आला. बड्या राजकारण्यांत ऊठबस असलेला हा माणूस. अमोनिया खताच्या टाक्यांचे व्यवहार करायचा आणि त्यातल्या बऱ्याच टाक्या कुठे अस्तित्वातच नव्हत्या. प्राथमिक सुनावणीला किमान बारा कॅमेरामन, जमिनीवर केबलींचा गुंता, न्यायाधीशांच्या टेबलावर तीन मायक्रोफोन. प्रत्यक्ष खटल्याच्या वेळी कोर्टाच्या मागच्या बाजूला एक खोके बांधून कॅमेरे त्यात ठेवले आणि खोक्याला भिंतीशी मिळताजुळता रंग दिला. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी शिक्षा रद्द केली. न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी ज्यूरी, साक्षीदार, आरोपी या प्रत्येकावर कॅमेऱ्याचं दडपण कसं येतं ते लिहिलं, आणि न्यायाधीशांनाही सोडलं नाही. जिथे न्यायाधीश निवडून येतो तिथे टीव्ही विशेष घातक, असं त्यांचं मत होतं. टेक्सासमध्ये न्यायाधीश मतांवर निवडून येतात. समोर कॅमेरा आणि पुढे निवडणूक असेल तर निकाल कुणाकडे बघून दिला जाईल, ही काळजी मला आजही रास्त वाटते.

तंत्र सुधारलं, कॅमेरे लहान झाले, आणि फ्लोरिडाने १९७७ मध्ये वर्षभराचा प्रयोग सुरू केला. त्यातल्या पहिल्याच गाजलेल्या खटल्यात पंधरा वर्षांच्या मुलावर खुनाचा आरोप होता. टीव्हीवरच्या गुन्हेगारी मालिका बघून त्याचं भान सुटलं, असा बचाव वकिलाने केला. तो खटलाही टीव्हीवर दाखवला गेला.

त्याच राज्यातून चँडलर खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. मायामी बीचच्या दोन पोलिसांनी एका रेस्टॉरंटमध्ये चोरी केली होती आणि त्यांचं वॉकीटॉकीवरचं बोलणं एका हौशी रेडिओवाल्याने योगायोगाने ऐकलं होतं. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालय एकमताने म्हणाले की कॅमेरा होता एवढ्यावरून खटला अन्यायकारक ठरत नाही, राज्यांना हवं तर त्यांनी परवानगी द्यावी. निकालपत्रातला एक तपशील मात्र विसरू नये. त्या अख्ख्या खटल्यातली फक्त २ मिनिटं ५५ सेकंदं टीव्हीवर दाखवली गेली, आणि ती सगळी सरकारी पक्षाची बाजू मांडणारी होती. माझा आक्षेप कॅमेऱ्यावर नाही, या २ मिनिटं ५५ सेकंदांवर आहे. डेपच्या वेळी पूर्ण प्रक्षेपण उपलब्ध होतं, तरी बहुतेकांनी पाहिलं ते कुणीतरी कापून, संगीत घालून पाठवलेलं.

१९९१ मध्ये 'कोर्ट टीव्ही' ही स्वतंत्र वाहिनी आली. १९९५ मध्ये माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सनवरचा खुनाचा खटला महिनोन्‌महिने चालला, ३ ऑक्टोबरला निर्दोष सुटकेचा निकाल लागला आणि अनेक न्यायाधीशांनी पुन्हा दार लावून घेतलं. पुढच्याच वर्षी सिम्प्सनवरच्या दिवाणी दाव्यात न्यायाधीशांनी कॅमेरा आत येऊ दिला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने स्वतःसाठी तो कधीच मान्य केला नाही. २००० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या वादात फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी लोकांनी टीव्हीवर थेट पाहिली. तोच वाद वॉशिंग्टनला पोचला तेव्हा सुनावणी संपल्यावर फक्त ध्वनिमुद्रण मिळालं. थेट आवाज ऐकू यायला २०२० चा मे उजाडला, तोही साथीमुळे न्यायमूर्ती फोनवरून सुनावणी घेत होते म्हणून.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच थेट प्रक्षेपणाचं तत्त्व मान्य केलं. २७ सप्टेंबर २०२२ ला घटनापीठांचं कामकाज प्रथमच दिसू लागलं आणि त्या दिवशी शिवसेनेचा वाद सुनावणीला होता. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद संपूर्ण, सलग, कुणी न कापता ऐकायला मिळाला. वृत्तवाहिन्यांच्या चर्चेतून मला इतके दिवस न कळलेले मुद्दे त्या दिवशी कळले.

न्यूयॉर्कच्या कायद्याने १९५२ पासून साक्षींच्या प्रक्षेपणाला बंदी आहे. १९८७ ते १९९७ या काळात कॅमेऱ्याचा प्रयोग झाला, पण त्याची मुदत संपल्यावर बंदी परत आली. म्हणून २०२४ मध्ये ट्रम्प यांच्या खटल्यात कोर्टात चित्रकार बसले होते आणि मांडीवरच्या कागदावर रंगीत खडूंनी चेहरे उतरवत होते. कामकाजाचा शब्दन्‌शब्द लिखित स्वरूपात वेबसाइटवर दिला जात होता, पण तो वाचणारे थोडे. कॅमेरे होते ते बाहेरच्या मार्गिकेत, लोखंडी कठड्यामागे. आरोपी आत जाताना आणि बाहेर येताना तिथे थांबून बोलायचा, आणि तेवढंच रात्री जगभर दिसायचं. शपथेवर दिलेल्या साक्षी दाराच्या आत राहिल्या. ३० मे रोजी ज्यूरीने ३४ आरोपांवर दोषी ठरवलं, तेव्हाही लोकांनी पाहिलं ते त्या मार्गिकेतलंच बोलणं.