बोल सामन्यांतील थेट प्रवेश (अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉल)

हंगाम संपल्यावर होणाऱ्या मोठ्या बोल सामन्यांत ठरावीक कॉन्फरन्सच्या विजेत्यासाठी राखून ठेवलेली जागा. कॉन्फरन्स म्हणजे आपसांत साखळी सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. १९९८ ते २०१३ या हंगामांत बोल चॅम्पियनशिप सिरीज, म्हणजे बीसीएस, या नावाने चाललेल्या व्यवस्थेत या राखीव जागांवरून सर्वांत जास्त वाद झाले. एखाद्या गटाला अशी जागा का मिळते, याचे उत्तर मैदानापेक्षा करारपत्रांत अधिक सापडते.

बोल सामने भरवले ते स्थानिक समित्यांनी. कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे पहिला रोझ बोल १९०२ मध्ये झाला. शुगर आणि ऑरेंज बोल १९३५ पासूनचे. ऐन थंडीत बाहेरगावचे प्रेक्षक शहरात यावेत, हॉटेले भरावीत, हा त्यांचा उघड हेतू. त्यासाठी कोणता संघ येणार हे आधीच पक्के असलेले बरे, म्हणून समित्यांनी गटांशी करार केले. जानेवारी १९४७ पासून रोझ बोलमध्ये बिग टेन या गटाचा विजेता आणि पश्चिम किनाऱ्यावरील गटाचा संघ समोरासमोर येऊ लागले. या करारांपायी देशातील पहिले दोन संघ एकमेकांशी खेळतीलच याची खात्री उरली नाही. १९९७ च्या हंगामात बिग टेनचा विजेता मिशिगन रोझ बोलला बांधलेला होता आणि नेब्रास्का ऑरेंज बोलमध्ये खेळला. दोघेही अपराजित राहिले. पत्रकारांनी मिशिगनला, तर प्रशिक्षकांनी नेब्रास्काला अव्वल ठरवले.

पुढच्याच हंगामात बीसीएस आली. रोझ, शुगर, ऑरेंज आणि फिएस्टा हे चार बोल तिच्यात होते. २००६ च्या हंगामापासून अंतिम सामना वेगळा खेळला जाऊ लागला. अटलांटिक कोस्ट, बिग ईस्ट, बिग टेन, बिग ट्वेल्व्ह, पॅक-टेन आणि साउथईस्टर्न या सहा गटांच्या विजेत्यांना थेट प्रवेश होता, मग त्यांचे मानांकन काहीही असो. मानांकन दोन मतचाचण्या आणि संगणकीय क्रमवाऱ्यांची सरासरी एकत्र करून काढत. ज्याला कोणत्याच गटात राहायचे नव्हते त्या नोत्र दाम विद्यापीठासाठी पहिल्या आठांत येण्याची स्वतंत्र अट होती. प्रतिष्ठेला नियमावलीत जागा कशी करून देतात, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

उरलेल्या गटांच्या विजेत्याला सुरुवातीला पहिल्या सहांत यावे लागे. १९९८ मध्ये टुलेन एकही सामना हरला नाही, तरी दहाव्या क्रमांकामुळे बाहेर राहिला. २००४ मध्ये युटा नेमका सहावा आला आणि हे दार उघडणारा पहिला संघ ठरला. फिएस्टा बोलमध्ये त्याने पिट्सबर्गला ३५-७ ने हरवले. त्यानंतर अट सैल झाली: पहिल्या बारांत येणे, किंवा पहिल्या सोळांत येऊन थेट प्रवेशवाल्या एखाद्या गटाच्या विजेत्यापेक्षा वर असणे. मात्र अशी हमी दर वर्षी एकाच संघाला. २००८ मध्ये ती युटाने घेतली, त्यामुळे नवव्या क्रमांकाचा अपराजित बॉइझी स्टेट घरी राहिला. दहाव्या क्रमांकाच्या ओहायो स्टेटला खुल्या जागेसाठी बोलावणे आले, आणि एकोणिसावा व्हर्जिनिया टेक गटविजेता म्हणून ऑरेंज बोलमध्ये खेळला. २०१० मध्ये तर बिग ईस्टचा विजेता कनेटिकट पहिल्या पंचविसांतही नव्हता. फिएस्टा बोलमध्ये ओक्लाहोमाने त्याला ४८-२० ने हरवले.

बाहेरच्या गटाला आत येण्याची वाट कागदावर होती. चार वर्षांच्या कामगिरीचे मोजमाप तीन निकषांवर होई: गटातील सर्वोच्च संघाचे मानांकन, गटातील सर्व संघांची संगणकीय क्रमवारी, आणि पहिल्या पंचविसांत किती संघ आले. दुसऱ्या निकषामुळे एकदोन बलाढ्य संघांच्या जोरावर गट वर येऊ शकत नसे. तळाचे दुबळे संघ त्याला खाली ओढत. माउंटन वेस्ट या बाहेरच्या गटाची सारी धडपड इथेच अडली, आणि सातवा गट कधीच आला नाही.

गट आत आले नाहीत, पण त्यांतले गाजलेले संघ उचलले गेले. युटा २०११ मध्ये पॅक-ट्वेल्व्हमध्ये, म्हणजे आधीच्या पॅक-टेनमध्ये, गेला. २०१० च्या हंगामाचा रोझ बोल जिंकणारा टेक्सास ख्रिश्चन २०१२ मध्ये बिग ट्वेल्व्हमध्ये दाखल झाला. ज्यांच्या विजयांनी गटाची पात्रता सिद्ध व्हायची, तेच निघून गेल्यावर मागे राहिलेल्यांनी निकष कशाच्या बळावर गाठायचे?

२०१४ पासून चार संघांची प्लेऑफ, म्हणजे अजिंक्यपदासाठीची बाद फेरी, सुरू झाली आणि तिच्यात कोणालाच राखीव जागा नव्हती. लहान पाच गटांपैकी सर्वोच्च मानांकित विजेत्याला एका मोठ्या बोलमध्ये स्थान मिळे, एवढेच. या गटांतून उपांत्य फेरी गाठणारा एकमेव संघ सिनसिनाटी, २०२१ चा.

२०२४ मध्ये प्लेऑफ बारा संघांची झाली. थेट प्रवेश परतला, पण तेव्हा गटांची नावे ठरलेली नव्हती. २०२४ आणि २०२५ मध्ये मानांकनात सर्वांत वर असलेले कोणतेही पाच गटविजेते पात्र ठरत. २०२५ मध्ये पाच सामने हरलेला ड्यूक अटलांटिक कोस्टचा विजेता झाला. मानांकनात टुलेन आणि जेम्स मॅडिसन हे लहान गटांचे दोन विजेते त्याच्या वर होते. दोघेही आत गेले, ड्यूक बाहेर राहिला, आणि अटलांटिक कोस्टतर्फे मायामी मानांकनावर मिळणाऱ्या खुल्या जागेवरून खेळला.