व्यालेली गाय उठत नाही तेव्हा

तिसऱ्या-चौथ्या वेताची, भरपूर दुधाची संकरित गाय. रात्री सुखरूप व्याली, चीकही बादलीभर दिला. सकाळी पाहावं तर बसलेली. मान कुशीकडे वळलेली, नाक कोरडं, कान हाताला गार, रवंथ बंद. तीन दिवसांच्या आत व्यालेल्या गाईत हे दिसलं, की पहिली शंका दुग्धज्वराची, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घटल्याची घ्यावी. अंगात ताप नसतो, उलट अंग गार पडत जातं.

दर लिटर चिकात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. गाईच्या रक्तात ते एका वेळी जेमतेम 3 ग्रॅम फिरत असतं. 10 लिटर चीक काढला की रक्तात आहे त्याच्या सहापटीहून जास्त कॅल्शियम कासेतून निघून जातं. हाडांत साठा मुबलक, पण तो मोकळा व्हायला दिवस-दोन दिवस लागतात आणि वय वाढलेल्या गाईत आणखी उशीर होतो. कॅल्शियमशिवाय स्नायू नीट आकसत नाहीत. त्यामुळे पाय लटपटतात, शेण थांबतं, पोट फुगतं आणि उपचार झाले नाहीत तर शेवटी हृदय थांबतं.

डेन्मार्कचे पशुवैद्य युर्गेन श्मिट यांनी 1897 साली अशा गाईंच्या कासेत पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण भरून पाहिलं आणि गाई उठू लागल्या. पुढे लक्षात आलं की नुसती हवा भरली तरी गुण येतो. कासेत दाब वाढला की दूध उतरणं थांबतं आणि कॅल्शियम रक्तातच राहतं. हा उलगडा मात्र 1925 मध्ये ड्रायर आणि ग्रेग या ब्रिटिश संशोधकांनी कॅल्शियमच्या कमतरतेचा सिद्धांत मांडल्यानंतरच झाला.

आज डॉक्टर शिरेतून कॅल्शियमची बाटली देतात, तीही अगदी सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत. घाईने दिलं तर त्याच औषधाने हृदय बंद पडतं, म्हणून हे काम घरच्या घरी करूच नये. गुण येऊ लागला की गाय थरथरते, ढेकर देते, शेण टाकते आणि बऱ्याचदा तासाभरात उभी राहते. ते पाहणाऱ्याचे डोळे भरून येतात!

पण डॉक्टर उशिरा पोचले, तर कॅल्शियम भरून निघूनही गाय उठत नाही. चारशे-पाचशे किलोंचं धूड एकाच मागच्या पायावर तासन्‌तास दाबून राहिलं की त्या पायाचा रक्तपुरवठा तुटतो, स्नायू आणि नसा मरतात. अमेरिकेतल्या एका प्रयोगात निरोगी गाईंना भूल देऊन 6 ते 12 तास असं झोपवलं होतं. त्यातल्या निम्म्या पुन्हा उठूच शकल्या नाहीत. म्हणून डॉक्टरची वाट पाहण्याचा वेळ हातावर हात ठेवून घालवायचा नाही. जनावरांच्या डॉक्टरसाठी असलेल्या 1962 या क्रमांकावर फोन करा आणि लगेच कामाला लागा.

गाईला कोब्यावरून मातीत किंवा जाड पेंढ्यावर घ्या. दर दोन-तीन तासांनी कूस बदला, खालचा पाय मोकळा करून चोळा. ती पार आडवी झाली असेल तर दोन्ही बाजूंना पेंढा भरलेली पोती लावून छातीवर बसती ठेवा, नाहीतर पोटातला गॅस बाहेर पडत नाही. सावली हवी, पाणी तोंडाजवळ हवं. बाटलीने काढा, तेल, गूळपाणी काही पाजू नका. गिळण्याची ताकद गेलेली असते आणि ते थेट फुप्फुसात उतरतं. शेपटी पिरगाळणं, काठी मारणं हे तर मनातही आणू नये. पायात बळच नाही, तिथे मार खाऊन ती उठणार कशी?

पाळलेल्या जनावराचं हित पाहणं हे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातल्या कलम 3 नुसार सांभाळणाऱ्याचं कर्तव्यच आहे. गोठ्यात त्याचा अर्थ रात्री दोनला उठून कूस बदलणं असा होतो. हे एकट्याने होत नाही. तीन-चार माणसं लागतात, शेजाऱ्यांना हाक मारायला संकोच नको.

गाय उठली तरी पहिले दोन-तीन दिवस कास पूर्ण रिकामी करू नये. वासराला पुरेल एवढाच चीक काढावा, कारण बऱ्या झालेल्या गाईंपैकी काही दोन दिवसांत पुन्हा बसतात. आणि उठली नाही, पण चारा खाते, रवंथ करते, पुढच्या पायांवर जोर देऊन धडपडते, तर आशा सोडू नये. अशा गाई काही दिवसांनीही उभ्या राहतात.