शाकारणी थांबली तेव्हापासून

पावसाळ्यात जुन्या नाशकात वाडा पडला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत कारणं ठरलेली असतात: संततधार आणि जीर्ण बांधकाम. पण हाच वाडा त्याआधीचे दीडशे पावसाळे उभा होता. पाऊस शेवटचा धक्का देतो, एवढंच. वाडा त्याच्या कितीतरी आधी मोडायला लागलेला असतो, आणि तो मोडतो दहा-बारा जणांच्या मालकीत, दहा-वीस रुपयांच्या भाड्यात आणि थांबलेल्या शाकारणीत, म्हणजे पावसाळ्याआधी कौलं उतरवून पुन्हा बसवण्याच्या कामात. पडके वाडे लोकांनी एकत्र येऊन सावरावेत अशी चर्चा सध्या तिवंधा, भद्रकाली, पंचवटीत पुन्हा सुरू झाली आहे. म्हणून ही मागची गोष्ट.

आज आपण जुनं नाशिक म्हणतो त्याचा बराचसा चेहरा पेशवाईतला. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठावर नारोशंकराचं देऊळ १७४७ मध्ये झालं, सुंदरनारायणाचं १७५६ मध्ये. त्याच काळात सरदार, सावकार आणि तीर्थोपाध्यायांचे वाडे उभे राहिले. सराफ बाजारातला सरकारवाडा त्यांतला सगळ्यांत भारदस्त. शेजारच्या पोलीस ठाण्याला अजून त्याचंच नाव आहे. उपाध्यायांचे वाडे मात्र नुसती घरं नव्हती. गावोगावचे यजमान सिंहस्थाला, श्राद्धाला येत, ओसरीवर पथारी टाकत आणि जाताना उपाध्यांच्या वहीत आपल्या कुळाची नावं लिहवून जात. चार-पाच पिढ्यांची नावं एका चोपडीत सापडतात ती त्यामुळेच. वाडा पडतो तेव्हा त्या वह्या कोणत्या पत्र्याच्या पेटीत, कोणत्या फ्लॅटच्या माळ्यावर जातात, हा विचार मनातून जात नाही.

हे वाडे टिकण्याची एक रीत होती. मृग लागायच्या आधी शाकारणी व्हायची. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, खालचा पालापाचोळा आणि उंदरांची घरटी झाडायची, कुजलेली रीप बदलायची आणि नळीची कौलं पुन्हा एकावर एक बसवायची. पन्हळ साफ करायची. दोन-चार दिवसांचं काम, घरचे लोक आणि एखादा जाणकार गडी. शेजारच्या दोन वाड्यांची भिंत सामाईक असेल तर दोघांनी मिळूनच करायचं, कारण एकाच्या छपराचं पाणी दुसऱ्याच्या भिंतीत उतरायचं. आपण आज ज्याला लोकसहभाग म्हणतो तो हाच, फक्त तेव्हा त्याला वेगळं नाव लागत नसे.

शाकारणी चुकली की काय होतं ते वाड्याच्या बांधणीतच दिसतं. खांब आणि तुळया सागाच्या, वर लाकडी कड्या-फळ्यांचा कडीपाट, भिंती खाली दगडाच्या आणि वर पांढऱ्या मातीच्या किंवा विटांच्या. सागाला पावसाची भीती नसते, भिजून वाळला तरी तो टिकतो. भीती असते ती न वाळणाऱ्या ओलीची. तुळईचं तोंड भिंतीत गेलेलं असतं आणि कौलातून झिरपलेलं पाणी नेमकं तिथे मुरतं. बाहेरून तुळई धडधाकट दिसते. हाताने ठोकलं तर मधल्या भागात टणक आवाज येतो, भिंतीजवळ मात्र भदभद. एका वाड्यात सुताराने माझ्यासमोर त्या टोकात पेचकस घातला, तो मुठीपर्यंत आत गेला. तुळईचा मधला बारा-तेरा फुटांचा भाग मात्र दीडशे वर्षांनंतरही रंध्यावर तेलकट वास सोडत होता.

मग शाकारणी थांबली कशी? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगच्या साथी आल्या, लोक गाव सोडून मोकळ्या जागी राहायला गेले. नाशिकजवळच्या भगूरला सावरकरांचे वडील १८९९ मध्ये प्लेगनेच गेले. पुढे ज्यांना जमलं ते गावठाणाबाहेर बंगले बांधून राहिले आणि वाड्याच्या खोल्या भाड्याने द्यायची चाल वाढली. तोवर ठीक होतं, कारण भाड्यातून डागडुजी निघत होती.

खरी गाठ बसली १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरू रस्त्यावर येऊ नये हा त्याचा हेतू योग्यच होता. पण प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधलं गेलं आणि तात्पुरता म्हणून आणलेला कायदा पुन्हा पुन्हा वाढवला गेला. सागाचा भाव, चुन्याचा भाव, गवंड्याची मजुरी सगळं वाढलं. भाडं तिथेच राहिलं. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक अवाजवी असल्याचं म्हटलं. त्यानंतरचा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यात वर्षाला चार टक्के वाढ मान्य झाली. बारा रुपयांवर चार टक्के म्हणजे अठ्ठेचाळीस पैसे. त्यात एक कौलही येत नाही.

इथे मालकाला खलनायक आणि भाडेकरूला बिचारा ठरवणं सोपं आहे, उलटही सोपं आहे. मला दोन्ही पटत नाही. मालकाच्या बाजूला आज्याच्या नावावरचा मिळकतीचा उतारा, त्यावर वारस म्हणून चुलत, आते, मावस असे पंधरा जण, त्यातले काही पुण्यात, काही परदेशात. भाडेकरूच्या बाजूला ही भीती की एकदा खोली रिकामी केली तर परत आत येता येणार नाही. दोघांनाही छप्पर दुरुस्त व्हायला हवं असतं आणि दोघेही दुसऱ्याने सुरुवात करावी म्हणून थांबतात. तेवढ्यात महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस दारावर लागते. महापालिका कायद्याच्या कलम २६४ खाली ती दरवर्षी पावसाळ्याआधी लागते, आणि वाड्यात राहणारे ती वाचतही नाहीत, कारण मागच्या वर्षीचीही अजून तिथेच असते.

पुरांनी यात भर घातली. १९६९, २००८, २ ऑगस्ट २०१६. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावर नाशिककर पूर मोजतात, आणि मारुती बुडाला की सराफ बाजारात पाणी शिरणारच हे ठरलेलं. पाणी उतरल्यावर भिंतींना घाईघाईने सिमेंटचं प्लास्टर चढवलं गेलं. दिसायला स्वच्छ, मजबूत. पण मातीची आणि चुन्याची भिंत श्वास घेते. आतली ओल बाहेर यायची वाट सिमेंट बुजवतं. ओल वर चढते आणि पुन्हा त्याच तुळईच्या तोंडाशी जाते. चांगल्या हेतूने केलेल्या या दुरुस्त्यांनी किती वाडे लवकर गेले याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

लोकांनी एकत्र येऊन काही वाचवल्याची उदाहरणं नाशकात नाहीत असं मुळीच नाही. मात्र ती बहुतेक सगळी देवाची, गावाची किंवा नदीची आहेत. जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे देवळालाच लागतो, आणि देवळासाठी वर्गणी मागताना कुणाला संकोच वाटत नाही. गल्लीतल्या तालमी अशाच टिकल्या. जिल्ह्यातल्या बारवांमधला गाळ तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशी घमेल्यांनी उपसतात. रामकुंडाच्या परिसरातली जुनी कुंडं काँक्रीटखाली गेली, तेव्हा नागरिकांनी जुने नकाशे शोधून काढले, न्यायालयात गेले आणि काही भागातलं काँक्रीट निघालं. भगूरचा सावरकरांचा वाडा, चांदवडचा होळकरांचा रंगमहाल यांना सरकारच्या संरक्षित स्मारकाचं छत्र मिळालं. साध्या माणसाच्या साध्या वाड्याला यातलं काहीच लागू पडत नाही. तो देवाचा नाही, गावाचा नाही, सरकारचा नाही आणि कागदोपत्री धड एकाचाही नाही.

म्हणून आता जिथे जिथे काम हलतंय, तिथे पहिली बैठक चुन्यावर होत नाही, उताऱ्यावर होते. मी पाहिलेल्या एका वाड्यात पाच वारस आणि तीन भाडेकरू यांनी साध्या स्टॅम्प पेपरवर एवढंच लिहिलं: दुरुस्तीच्या काळात खोली रिकामी केली तरी भाडेकरूचा हक्क जात नाही, आणि खर्च दिला म्हणून मालकी येत नाही. हे दोन मुद्दे ठरायला सव्वा वर्ष लागलं. बेलफळाचं पाणी घालून चुना मुरवायला त्यानंतर तीन आठवडे पुरले. सुताराने तुळयांची कुजलेली तोंडं कापली, पडलेल्या दुसऱ्या वाड्यातून विकत आणलेल्या जुन्या सागाचे तुकडे सांधा करून जोडले आणि भिंतीत शिरणाऱ्या टोकाभोवती बोटभर मोकळी जागा ठेवली, हवा खेळावी म्हणून. कौलं कमी पडली तेव्हा समोरच्या वाड्यातल्या आजींनी परसात रचून ठेवलेली दोनशे कौलं दिली. त्यांच्या सासऱ्यांनी शेवटच्या शाकारणीला उरलेली ती, तेव्हापासून तिथेच होती.